फाटलेल्यांचा डबा

"पोट कुठंय याला?" असं म्हणून तो उजव्या हाताचा तळवा स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवायचा आणि समोरच्याकडं बघत राहायचा. माझ्यासमोर हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, माणसाला भूक लागलीय. मी खिशातली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. त्यानं ती घेतली, सगळे दाणे खाल्ले, हात झटकले आणि म्हणाला, "दाणे झकास. पण तुझ्या आवाजाला पोट नाही."

माझ्या आवाजाला! अहो, नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास तुम्ही नाशकात राहत असाल, तर माझा आवाज तुमच्या कानावर पडलेला आहे. इच्छा असो वा नसो. "साड्यांचा भव्य सेल, शेवटचे तीन दिवस!" रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून हे ओरडत गल्लीबोळ फिरणारा तो मीच. सर्कस मी आणली, पाणीपुरवठा मी बंद केला, निवडणुकीत एकाच दिवशी तीन पक्षांना मीच निवडून द्यायला सांगितलं. आणि हा म्हणतो, पोट नाही. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंच नसावं.

स्टुडिओ द्वारकेच्या चौकाजवळ, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसवर होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्याचे ट्रे ठोकलेले, खाली सतरंज्या. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या या माणसाला भाऊ. मूळचा सटाण्याकडचा. आयटीआयला रेडिओ दुरुस्ती शिकला, मग मंडपवाल्याकडं लाऊडस्पीकर लावत फिरला आणि शेवटी इथं स्थिरावला. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. वर्षभर देवीची गाणी, भारूडं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि माझे सेल हेच त्याच्या नशिबी.

आता आमच्या धंद्यातले दोन शब्द सांगतो, पुढं लागतील. रेकॉर्ड करण्याला आम्ही 'भरणं' म्हणायचो. कॅसेट भरली, आवाज भरला. आणि आवाज मशीनला झेपेनासा झाला, खरखरायला लागला की तो 'फाटला'. आवाज फाटणं म्हणजे पाप. शेल्फवर दोन पत्र्याचे डबे असत. एकावर 'भरलेल्या', दुसऱ्यावर 'फाटलेल्या'. फाटलेल्या डब्यातली कॅसेट कुणीही उचलावी आणि तिच्यावर पुन्हा भरावं. भरलेलं काम राखून ठेवायचं असेल तर कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडायचे. मग तिच्यावर कुणाला काही भरता येत नाही. त्या तुकड्यांना आम्ही कान म्हणायचो. "कान मोडले का रे?" हे भाऊ दिवसातून दहादा विचारायचा.

तर अशा ठिकाणी, जिथं फाटणं म्हणजे पाप, तिथं या माणसाला फाटलेल्या आवाजाचंच वेड लागलं.

त्याला कारण सायमन. शरणपूर रोडकडचा, सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. इलेक्ट्रिक गिटार. तो एकदा स्वतःची गिटार आणि स्पीकरची एक पेटी घेऊन आला, आवाज वाढवला आणि एकच तार छेडली. काय सांगू, खालचा ट्रान्सपोर्टवाला जिना चढून वर आला, टायर फुटला म्हणून. आवाज फाटलेला होता, पण नुसता फाटलेला नव्हता. खोलीभर दाटून बसला होता. भाऊनं तो भरून घेतला, ऐकवला, आणि टेपमधून आलं ते काय? पत्र्यावर खडे ओतल्यासारखी खरखर.

"हे तेच आहे?" सायमननं विचारलं.

भाऊनं तळवा पोटावर ठेवला. "फाटलं तेवढं आलं. पोट मागं राहिलं."

त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. एका बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा जुना वॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर त्यानं भंगारातून आणला, काचेच्या वॉल्वसकट. स्वतः लाकडी खोका करून त्यात बारा इंची स्पीकर बसवला. माइक स्पीकरच्या मध्यावर धरला तर सगळा किरकिराट, कडेला सरकवला तर घोंगडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, खडूनं खुणा करत तो रविवारचे रविवार गुडघ्यांवर बसलेला असायचा. दोन माइक लावले तर आवाज दुप्पट व्हायच्या ऐवजी निम्माच झाला. "एकमेकाला खाताहेत साले," तो म्हणाला आणि एक माइक कुशीत घेऊन दहा मिनिटं नुसता बसला.

सायमनला सगळी बटणं शेवटपर्यंत पिळायची सवय. भाऊ ती परत उलटी फिरवायचा. "कमी फाड रे बाबा. जास्त फाडलंस की चिंध्या होतात. फाडायचं, पण कापड शिल्लक ठेवून."

हे वाक्य मी पुढं घरीदारी इतकं वापरलं की बायको म्हणाली, एकदा काय ते कापड आणून टाका.

आणखी एक खोड. कुणाला काही ऐकवलं आणि तो "छान, छान" म्हणाला, की भाऊ तिकडं लक्षच द्यायचा नाही. तो माणसाचे हात बघायचा. "तोंड खोटं बोलतं. आवाजाला पोट असलं ना, तर हात आपोआप इथं येतो," आणि तळवा पोटावर. "अजून एकाचा आलेला नाही."

आता त्याला घाई का होती ते सांगतो. मला ते साडीच्या सेलमुळं कळलं.

एका दुकानदारानं कॅसेट परत आणली. म्हणाला, "साहेब, हे काय? 'साड्यांचा सेल' म्हणताना तुमच्या तोंडातून फुस्स फुस्स येतंय. बायका साप आला म्हणून दारं लावून घेताहेत." मी ऐकलं. खरंच प्रत्येक 'स' शीळ घातल्यासारखा कानात घुसत होता. मी तावातावानं भाऊकडं गेलो. "भाऊ, माझा सगळा 'स' घालवलात तुम्ही!"

त्यानं कॅसेट लावली. डोकं तिरकं करून ऐकली. पुन्हा लावली. मग मशीन बंद करून हळूच म्हणाला, "कुठला 'स'?"

मला वाटलं थट्टा करतोय.

"मला 'स' ऐकूच येत नाही आता. 'श' पण नाही. येईना म्हणून वाढवत गेलो, तुला चावला असेल." मग त्यानं त्याच्या वडिलांचं सांगितलं. पन्नाशीच्या आत त्यांचे कान पूर्ण गेले होते. आजोबांचेही. घराण्यातच होतं ते. "आधी पाखरं गेली म्हणायचे. मग माणसं गेली. शेवटी बैलगाडीचं चाक. माझी पाखरं गेल्या वर्षीच गेली. डॉक्टर म्हणतो उपाय नाही. खालच्या पट्टीतलं अजून येतंय, दोन-तीन वर्षं येईल. तेवढ्यात एकदा भरून ठेवायचंय रे. एकदा पोटासकट भरलं गेलं की मग कान जाऊ देत नाहीतर राहू देत."

"शेठला सांगितलंत?"

"आंधळ्या ड्रायव्हरला गाडी कोण देतो?"

त्या दिवसापासून त्याचा 'स' मी झालो. देवीच्या गाण्यात 'स' आला की तो माझ्याकडं बघायचा, मी बोट वर किंवा खाली करायचो. शेठला वाटायचं, मला गाण्यातलं कळायला लागलं.

स्टुडिओत काही होणार नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. खोली लहान, आवाज कोपऱ्यात तुंबायचा, आणि द्वारकेवरून ट्रक गेला की तोही गाण्यात भरला जायचा. एके दिवशी तो डोळे चमकवत म्हणाला, "कांद्याची चाळ!"

सटाण्याला त्याचा चुलतभाऊ होता, दगाभाऊ. त्याची कांदा साठवायची चाळ लांबच लांब, दोन्ही बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वारा खेळता राहावा म्हणून. "तिथं आवाज बाहेर जाईल, उलटून येणार नाही," भाऊ म्हणाला. त्या वर्षी भाव बरा होता म्हणून दगाभाऊनं पितृपक्षातच चाळ रिकामी केली होती. सायमनचं मस्कतच्या हॉटेलात वाजवायचं ठरलं होतं, महिन्याभरात तो जाणार होता. म्हणजे हीच वेळ. आम्ही तिघं, अ‍ॅम्प्लिफायर, खोका, मशीन आणि माझ्या घरच्या चार गोधड्या टेम्पोत घालून सटाण्याला गेलो.

दुपारची वेळ. शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज भरतं, म्हणून आम्ही थांबलो. चाळीत कांद्याचा वास आणि खाली वीतभर पापुद्रे. गोधड्या खोक्याच्या मागं टांगल्या, माइक खडूच्या खुणेवर लावला. सायमननं पहिलाच हात मारला आणि दगाभाऊ बैलं सोडून पळत आला.

"काय शे रे भो हाई? तुना भोंगा फाटी गया ना!"

"फाटू दे," भाऊ म्हणाला, "कापड शिल्लक आहे."

मग त्यानं कानावर हेडफोन चढवले, सायमनचं एक बटण थोडं मागं घेतलं आणि बोट वर केलं. सायमन सगळ्यात जाड तारेवर उतरला आणि तिथंच राहिला. मला संगीतातलं काही कळत नाही, आजही नाही. पण जमिनीवरचे पापुद्रे थरथरायला लागले. एक एक करून नाही, सगळी जमीनच. आवाज फाटलेला होता, आणि तरी जड होता, भरल्या पोत्यासारखा अंगावर टेकलेला. किती वेळ गेला कोण जाणे. बघतो तर भाऊ वाजवणाऱ्याकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघून हसत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला दात दाखवून हसताना पहिल्यांदा बघत होतो. मग मी खाली बघितलं. माझा हात माझ्या पोटावर होता.

सायमन थांबेचना. कॅसेटची एक बाजू संपून खटकन बटण उडालं तेव्हाही तो वाजवतच होता. भाऊनं ती बाजू मागं घेऊन पहिल्यापासून ऐकली, अंगणात बाजेवर बसून. मग माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. दगाभाऊकडं शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. परतीच्या वाटेवर तो टेम्पोत कॅसेट मांडीवर घेऊन बसला होता, लहान मूल धरावं तशी.

लेबलवर त्यानं लिहिलं, 'फाटलेली गिटार, सटाणा'. कान मोडले नाहीत. दुसरी बाजू रिकामी होती आणि सायमन मस्कतला जायच्या आधी एकदा येणार होता. "एका बाजूचा तरी मोडा ना," मी म्हणालो. "दोन्ही एकदमच मोडू," तो म्हणाला, "काम पुरं झाल्यावर." सायमन काही परत आला नाही. त्याचं विमान आधीच निघालं.

आता पुढं भाऊचं काय झालं ते सांगतो. शेठनं दोन-चार वर्षांत कॉम्प्युटर घेतला. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसायच्या, त्यामुळं भाऊला बघून बघून थोडे दिवस रेटता आलं. मग एका निवेदनात त्यानं अख्खं वाक्य दोनदा ठेवलं, ऐकूच आलं नाही म्हणून, आणि शेठला कळलं. शेठ वाईट माणूस नव्हता, पण स्टुडिओ चालवायचा होता. भाऊ सटाण्याला गेला. दगाभाऊच्या चाळीत कांदा निवडायचा. मी दोनदा भेटून आलो. बोलणं पाटीवर लिहून चालायचं. दोन हजार सात-आठच्या उन्हाळ्यात दगाभाऊचा फोन आला, "भाऊ गया ना, भो."

मधलं काहीतरी मी गाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. सांगतो. सांगायलाच तर बसलोय.

सटाण्याहून आल्यावर पंधरवड्यानं खंडेनवमी आली. खंडेनवमीला स्टुडिओची झाडलोट व्हायची, मशीनांना हळदकुंकू लागायचं. शेठ स्वतः शेल्फ आवरायला बसला. टेबलावर एक कॅसेट पडलेली, लेबलवर पहिलाच शब्द 'फाटलेली'. बिचाऱ्यानं नीट वाचून, मनापासून, ती फाटलेल्यांच्या डब्यात टाकली.

दिवाळीच्या तोंडावर साड्यांचा सेल आला. दुकानदाराची रिक्षा खाली उभी, भोंगा बांधून तयार. भाऊ कानाच्या डॉक्टरकडं गेलेला. घाई होती, म्हणून मीच मशीनला बसलो. फाटलेल्यांच्या डब्यात हात घातला आणि वर आली ती कॅसेट घेतली. लेबल वाचलं नाही. त्या डब्यातल्या कॅसेटचं लेबल कोण वाचतं हो? त्यावर आपलं कोऱ्या कागदाचं लेबल चिटकवलं आणि सुरू झालो. रिक्षावाल्याला सारखी कॅसेट मागं घ्यायला नको म्हणून एकच निवेदन पुन्हा पुन्हा, अख्खी बाजू संपेपर्यंत भरायची रीत होती. मी दोन्ही बाजू भरल्या. "साड्यांचा भव्य सेल, शेवटचे तीन दिवस!" साठ वेळा, सत्तर वेळा. त्या दिवशी माझा आवाज फार छान लागला होता, असं मलाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ कॅसेट शोधायला लागला. आधी टेबलावर, मग शेल्फवर, मग सतरंज्या उचलून. फाटलेल्यांचा डबाही त्यानं दोनदा उपडा केला. मीही त्याच्याबरोबर शोधत होतो, मनापासून शोधत होतो, कारण मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात घालत होतो आणि खालून रिक्षा जात होती. मी मान वर करून म्हणालो, "ऐका, आपला सेल चाललाय." त्याला ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी रिक्षावाला कॅसेट घेऊन वर आला. भाऊ जेवायला गेला होता. "दादा, बाकी ओके आहे. पण संपता संपता शेवटी फाटतंय बघा तुमचं."

माझं फाटतंय? मी तावातावानं कॅसेट लावली, शेवटापर्यंत पळवली. "…शेवटचे तीन दिवस!" मग माझा आवाज थांबला. आणि त्यापुढं, बाजू संपायला उरलेल्या तीन-चार सेकंदांत, सायमनची जाड तार. खट्. संपलं.

मी ते कागदाचं लेबल नखानं सोलून काढलं. खाली त्याचं अक्षर होतं.

सांगू नये असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? कॅसेट गटारात टाकायची, तो शोधून शोधून थकला असता. मी जिन्यापर्यंत गेलोही. तेवढ्यात तो वर येताना दिसला, आणि माझ्या हातातली कॅसेट त्यानं लांबूनच ओळखली. त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "सापडली?"

मग मी सगळं सांगितलं. मोठ्यानं, ओठ नीट हलवून, कारण आता तसंच सांगावं लागायचं. डबा, रिक्षा, दोन्ही बाजू. त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सायमन मस्कतला, कान असे, चाळ पुढच्या कांद्यानं भरणार. हिशोब त्यालाही कळत होता, मलाही.

"किती राहिलंय?" त्यानं विचारलं.

"चार सेकंद."

"लाव."

त्यानं हेडफोन घातले नाहीत. खुर्ची ओढून स्पीकरला खेटून बसला आणि तळवा लाकडावर ठेवला. मी लावलं. तार, खट्. पुन्हा लावलं. चार दिवस रिक्षाच्या डेकमध्ये दिवसभर घासून घासून टेप पार झिजली होती. मला नुसती खरखर ऐकू आली, सुरुवातीला आली होती तशीच, पत्र्यावरच्या खड्यांसारखी. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यानं लाकडावरचा हात काढला.

"मला कळत नाहीये रे," तो म्हणाला. "टेप गेली का माझे कान गेले तेच कळत नाहीये. तू तिथं होतास. तू सांग. आहे पोट?"

"आहे," मी म्हणालो. "आहे ना भाऊ! तस्संच आहे. अगदी तस्संच." आयुष्यभर आवाज विकून पोट भरलेला माणूस मी, त्या एका शब्दात सगळं ओतलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. तो माझ्या हातांकडं बघत होता. माझे दोन्ही हात टेबलावर होते, मशीनच्या शेजारी, जिथल्या तिथं.

"बरं," तो म्हणाला.

मग त्यानं कॅसेट काढून घेतली, खिशातल्या पेचकसाच्या टोकानं तिचे दोन्ही कान मोडले आणि ती भरलेल्यांच्या डब्यात ठेवली.